आधीचा गरुड कुठे गेला?

पक्षी बघायला एकत्र हिंडणाऱ्या आमच्या टोळक्यातला एक मित्र पश्चिम मंगोलियाला जाऊन आला आणि एका रविवारी त्याने फोटो बघायला सगळ्यांना घरी बोलावलं. बायान-उल्गी प्रांत, ऑक्टोबरचा पहिला आठवडा, गरुडांचा उत्सव. कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घातलेला घोडेस्वार, कोपरापर्यंत चढवलेला जाड चामडी हातमोजा, आणि त्यावर पाच-सहा किलोंचा सुवर्ण गरुड. निम्मी खोली 'वा!' म्हणाली. उरलेल्या निम्म्या खोलीला पक्ष्याच्या डोळ्यांवरची टोपी आणि पायांतले पट्टे दिसले आणि तिकडून 'बिचारा' सुरू झालं. चहा येईपर्यंत दोन तट पडले. एकीकडे परंपरा, एकीकडे क्रौर्य, मधे कांदाभजी.

मी मित्राला विचारलं, या माणसाकडे याच्या आधी जो गरुड होता तो कुठे गेला? त्याने ते विचारलंच नव्हतं. त्याचा दोष नाही, समोर एवढा देखणा पक्षी असताना मागच्याची चौकशी कोण करतं? पण गरुड हातावर बाळगून त्याच्याकरवी कोल्हे धरण्याच्या कझाकांच्या या शिकारीबद्दल बरं-वाईट काही बोलायचं असेल, तर आधी हा प्रश्न विचारायला हवा असं माझं मत आहे. परंपरा जिवंत आहे का, तिला वारसा म्हणून जपावं का, की कायद्याने थांबवावी, या सगळ्याची उत्तरं त्यातूनच निघतात.

कझाक भाषेत सुवर्ण गरुडाला बुर्कित म्हणतात आणि त्याच्याकरवी शिकार करणाऱ्याला बुर्कितशी. या विद्येतला अलिखित करार असा की पक्षी रानातून घ्यायचा, काही हिवाळे त्याच्या जिवावर शिकार करायची आणि मग एका वसंतात त्याला सोडून द्यायचं. सात ते दहा वर्षं ही मुदत साधारणपणे सांगितली जाते. सोडण्याचीही रीत आहे. घरापासून लांब डोंगरात नेऊन पायातले पट्टे काढायचे, निरोपाची मेंढी कापून तिथे ठेवायची आणि पक्षी खाण्यात गुंतला की माणसाने आडोशाने निघून जायचं. गुपचूप जावं लागतं, कारण पक्षी मागे येतो. सोडलेला गरुड पुन्हा नमद्याच्या तंबूपाशी येऊन बसल्याच्या गोष्टी म्हाताऱ्या शिकाऱ्यांच्या तोंडी असतात.

इथे एक भाषेची अडचण आहे ती आधी मिटवून टाकतो. मराठीत घार 'ती' आणि गरुड 'तो'. पण बुर्कितशीच्या हातावरचा गरुड जवळजवळ नेहमी मादी असते. शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी. सुवर्ण गरुडाचा नर साधारण तीन ते साडेचार किलोंचा, मादी चार ते साडेसहा किलोंपर्यंत, पंखांचा पसारा दोन मीटरच्या पुढे. कोल्ह्याला खाली दाबून ठेवायचं तर हे जास्तीचे दोन किलो लागतात. तेव्हा यापुढे मी 'ती' म्हणणार आहे. पुढे मादी असण्यालाच महत्त्व येणार आहे, म्हणूनही.

हा पक्षी दुर्मीळ नाही हे सुरुवातीलाच कबूल करायला हवं. मेक्सिकोपासून जपानपर्यंत, स्कॉटलंडपासून उत्तर आफ्रिकेपर्यंत तो आहे. जागतिक पातळीवर त्याची नोंद धोक्यातल्या जातींत होत नाही. सह्याद्रीत तो नाही, पण लडाख-स्पितीला जाणाऱ्या मराठी माणसांनी तो पाहिलेला असतो, निदान मार्गदर्शकाने बोट दाखवलेल्या ठिपक्याच्या रूपात. हिमालयातले आणि मध्य आशियातले सुवर्ण गरुड एकाच उपजातीचे मानले जातात. म्हणजे स्पितीच्या कड्यावर जिला पाहून आपण दुर्बीण खाली ठेवत नाही, तिचीच सख्खी बहीण पश्चिम मंगोलियातल्या अल्ताई डोंगरांत कुणाच्या तरी मनगटावर बसलेली असते.

आता आमच्या 'बिचारा' पक्षाचं म्हणणं. त्यांचा सगळा रोख डोळ्यांवरच्या टोपीवर होता. चामड्याची ही टोपी, कझाक भाषेत तोमागा, पाहणाऱ्याला नक्कीच बोचते. पण गरुडाचं जगणं डोळ्यांत असतं. माणसाच्या दृष्टिपटलावर तीक्ष्ण दृष्टीचा एक बिंदू असतो, तिच्या दोन. उतारावर दूर हललेला ससा तिला दिसतो, तसाच कुत्रा, अनोळखी माणूस, फडफडणारा कपडा हेही सगळं दिसतं, आणि प्रत्येक गोष्टीला झडप किंवा पळ हे उत्तर तिच्याकडे तयार असतं. डोळे झाकले की ती शांत होते. आपल्याकडे टांग्याच्या घोड्याला झापडं लावत तसंच हे.

खरं क्रौर्य शोधायचं तर ते माणसाळवण्यात आहे. नव्या पक्ष्याला टोपी घालून दोरीवर टांगलेल्या, हलत्या दांडीवर बसवतात. तोल सांभाळता सांभाळता ती थकते. तिला झोपू देत नाहीत. रात्रंदिवस माणूस जवळ असतो, बोलतो, गुणगुणतो, पंखांवरून हात फिरवतो, आणि शेवटी ती त्याच्या हातून मांस घेते. पुढे शिकारीच्या दिवसांत तिला पाण्यात भिजवून रक्त काढून टाकलेलं मांस देतात, म्हणजे पोट भरल्यासारखं वाटतं पण अंगात भूक राहते. पोट भरलेली गरुडीण शिकार करत नाही, कड्यावर जाऊन बसते आणि मालकाला संध्याकाळपर्यंत खाली उभं ठेवते. त्यामुळे हातावरच्या वजनावरून तिची भूक ओळखणं हेच बुर्कितशीचं खरं कसब. यात काही गोड नाही. इच्छा मोडून विश्वास मिळवण्याची ही रीत आहे आणि तिला 'माणूस आणि पक्ष्याची मैत्री' म्हणणारे लेख मला सोसत नाहीत.

तरीही मी 'बंद करा' म्हणणाऱ्यांत नाही. त्याचं कारण टोपी काढल्यानंतर जे होतं त्यात आहे.

नोव्हेंबरपासून हिवाळा संपेपर्यंतचे दिवस. रात्री बर्फ पडून गेलेला, सकाळी उतारावर कोल्ह्याच्या पावलांची ताजी ओळ. अशा बर्फाला कझाक भाषेत कानसोनार असा खास शब्द आहे, आणि कवी आबाय याने अशाच सकाळी निघालेल्या बुर्कितशीवर 1882 साली लिहिलेली कविता कझाक घरांत आजही माहीत असते. शिकारी घोड्यावरून कड्याच्या माथ्यावर जातो. एवढं वजन तासन्‌तास हातावर पेलणं शक्य नसतं, म्हणून खोगिराला बेचक्याची काठी टेकवून त्यावर मनगट ठेवायचं, तिला बालदाक म्हणतात. सोबतचे खालून हाकारा करत येतात. कोल्हा उघड्यावर आला की टोपी निघते, आणि त्या क्षणापासून माणसाच्या हातात काही उरत नाही. पायात दोरी नाही, अंगावर कुठलं यंत्र नाही. ती झेपावते किंवा झेपावत नाही. वारा चुकीचा असेल तर निघून जाते. कोल्हा तिला चावून जखमी करू शकतो. तिने कोल्हा धरला की माणूस घोडा दामटत तिथे पोचतो, मांसाचा तुकडा देऊन तिला शिकारीवरून उठवतो आणि कातडं स्वतः घेतो. उणे तीसच्या थंडीत कोल्ह्याच्या कातड्याची टोपी ही चैन नव्हती.

दर हिवाळ्यात अनेक वेळा तिला पळून जाण्याची पुरती संधी मिळते. तिने परत येणं हे प्रेम आहे असं मी म्हणत नाही, ती सवय आहे आणि भूक आहे. पण हातावरून उठून ती जे करते ते तिने रानातही केलंच असतं. तिचे पंख, पंजे, अंदाज सगळं वापरात राहतं. म्हणून सात वर्षांनी सोडल्यावर ती जगण्याची शक्यता उरते. कराराचं शेवटचं कलम या रोजच्या शिकारीवर उभं आहे. शिकार काढून घ्या, ते कलम कोसळतं.

याच्याशी ताडून बघायला एक उदाहरण आपल्या घरचं आहे. शिकारी जनावर माणसाळवून त्याच्याकरवी शिकार करणं दख्खनला नवं नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने लिहिलेल्या 'मानसोल्लास'मध्ये श्येनविनोद, म्हणजे ससाण्यांकरवी शिकार, हा राजाच्या करमणुकींपैकी एक आहे. आणि चित्त्याची शिकार तर कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकापर्यंत चालू होती. चित्त्यालाही गाडीवरून नेत, डोळ्यांवर टोपी घालत, काळवीट दिसलं की टोपी काढत. रीत इतकी सारखी की एकाची चित्रं बघताना दुसऱ्याची आठवण यावी. फरक एकच. चित्ता परत जात नव्हता. पिंजऱ्यात चित्त्याला पिल्लं होत नसत हा मोगलांपासूनचा अनुभव. जहांगीरने आपल्या आठवणींत एकदा झालेल्या पिल्लांची नोंद केली ती अपूर्वाई म्हणून. त्यामुळे प्रत्येक नवा चित्ता रानातून यायचा आणि दरबारात मरायचा. रानातला चित्ता संपण्यात बंदुकी आणि नांगराखाली आलेली माळरानं यांचा वाटा मोठा होताच, पण शतकानुशतकं चालू असलेली ही गळतीही त्यात मिळालेली होती. शेवटी कोल्हापूर आणि भावनगरच्या संस्थानिकांना आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले, म्हणजे खेळ उरला होता आणि ज्याच्यावर खेळ उभा होता ते जनावरच संपलं होतं. 1952 साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. चित्तेवानांचं कसब कमी होतं म्हणून असं झालं नाही. त्यांच्या करारात परतीचं कलम नव्हतं.

म्हणजे परत सोडलं की झालं? इथे मला माझ्याच मुद्द्याची उलटतपासणी करावी लागते, कारण बत्तीस शिराळ्याची नागपंचमी आठवते. तिथलेही लोक म्हणत, आम्ही नाग पकडतो, पूजा करतो आणि जिथला तिथे सोडून देतो. वन्यजीव कायद्याच्या आधारे न्यायालयाने त्याला आळा घातला, आणि मी त्या वेळी बंदीच्या बाजूने होतो, आजही आहे. मग अल्ताईला वेगळा न्याय का? नाग मडक्यात असताना नागासारखं काहीच करत नसतो. तो दाखवण्यासाठी असतो. मिरवणूक, गर्दी, फोटो. सोडून दिल्याने ते दिवस भरून निघत नाहीत आणि अनेक नाग त्यातून सावरतच नसत. सोडण्याला अर्थ येतो तो पकडून ठेवलेल्या काळात त्या जिवाने काय केलं यावरून. हे वाक्य पुढे लागणार आहे, कारण उत्सवातली गरुडीण हळूहळू शिराळ्याच्या नागाकडे सरकते आहे, अशी मला शंका आहे.

त्याआधी थोडा हिशेब करू. गरुडप्रेमी शिकारी एक युक्तिवाद नेहमी करतात. सुवर्ण गरूड साधारण दोन अंडी घालतो, पिल्लं थोड्या दिवसांच्या अंतराने बाहेर येतात, आणि थोरलं पिल्लू धाकट्याला टोचून टोचून मारतं किंवा उपाशी ठेवतं. भाऊबंदकी इतकी जुनी आहे. तेव्हा, असं ते म्हणतात, मरणारच होतं ते पिल्लू आम्ही नेलं तर रानाचं काय गेलं? ऐकायला बिनतोड वाटतं. पण ही मारामारी मुख्यतः पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होते. बुर्कितशी पिल्लू काढतो ते त्यानंतर, अंगावर पिसं आल्यावर. तोवर बहुतेक घरट्यांत निकाल लागून गेलेला असतो. म्हणजे तो नेतो ते जगलेलं पिल्लू, आणि त्यातही मोठं म्हणजे मादी. ज्या घरट्यात दोन्ही वाचली आहेत तिथून एक घेतलं तर गोष्ट निराळी. जुने जाणते शिकारी असंच करतात म्हणतात. पण घरट्यात एकटंच पिल्लू पाहून रिकाम्या हाताने दोरीवरून वर चढणारे किती, हे कड्यालाच ठाऊक.

दुसरा युक्तिवाद मला जास्त भक्कम वाटतो. शिकारी पक्ष्यांत पहिल्या एक-दोन वर्षांत खूप मरतात. शिकार जमत नाही, हिवाळा काढता येत नाही. बुर्कितशी तिला ही वर्षं पार करून देतो. सुवर्ण गरूड चार-पाच वर्षांचा झाला की प्रौढ होतो. त्या वयाला सोडलेली, शिकारीत तरबेज मादी रानाला मिळत असेल तर व्यवहार तोट्याचा नाही. पण बघा, यात मुदत महत्त्वाची झाली. दहा वर्षं ठेवली तर अंडी घालण्याचे पाच-सहा हंगाम गेले. आणि सुवर्ण गरुडाच्या जोडीचं वर्षाला सरासरी एक पिल्लूही उडत नाही, इतकं त्यांचं गणित सावकाश चालतं. त्यात आणखी एक पेच. घरट्यातून काढून माणसाच्या हातावर वाढवलेलं पिल्लू, ज्याला कझाक कोलबाला म्हणतात, ते माणसालाच आपलं समजू लागतं. तिला माणसाची भीती राहत नाही, मेंढ्यांच्या कळपाचीही नाही, आणि आपल्या जातीचा जोडीदार ओळखण्यातही गोंधळ होऊ शकतो. जाळ्यात धरलेली, रानात आधीच शिकार शिकलेली मादी वठणीवर आणायला अवघड, पण परत पाठवायला सोपी. परतीचं कलम ज्यांना खरंच पाळायचं आहे त्यांनी घरट्यांकडे कमी आणि जाळ्याकडे जास्त वळावं. पर्यटकांना मात्र लहानपणापासून वाढवल्याची कथा आवडते.

पर्यटकांवर येण्याआधी एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवं, कारण तो प्रामाणिक आहे. पुण्यात बसून अल्ताईतल्या माणसाला शिकवणारे आपण कोण? 1930 ते 1933 या काळात सोविएत सत्तेने कझाकांचे कळप सामुदायिक मालकीत ओढले आणि भटक्यांना सक्तीने एका जागी बसवलं. त्या दुष्काळात सुमारे 15 लाख माणसं मेली, त्यात बहुसंख्य कझाक. जिथे माणसाला मेंढी उरली नाही तिथे गरुडाला कोण चारणार? कझाकस्तानात ही विद्या खिळखिळी झाली ती कुठल्या गरुडप्रेमी कायद्याने नव्हे, उपासमारीने. सीमेपलीकडे मंगोलियाच्या बायान-उल्गीत, जिथे कझाक एकोणिसाव्या शतकात येऊन राहिले होते, तिथे ती टिकली. आणि स्वतंत्र कझाकस्तानने 1992 साली झेंडा केला तेव्हा सूर्याखाली गरूडच घेतला. एवढं सोसून उरलेल्या गोष्टीवर बाहेरून बोट ठेवताना हात थोडा कापायला हवा, मान्य.

शिवाय आजच्या गरुडांना मारणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. गवताळ प्रदेशात झाडं नाहीत, म्हणून पक्षी विजेच्या खांबांवर बसतात आणि मध्यम दाबाच्या तारांचा धक्का बसून मरतात. कझाकस्तान-मंगोलियात ही रोजची गोष्ट आहे. या शतकाच्या सुरुवातीला मंगोलियात उंदीरवर्गीय प्राणी मारायला ब्रोमाडिओलोन हे विष लावलेलं धान्य पसरलं गेलं, तेव्हा ते खाणारे शिकारी पक्षीही मेले. आणि आपणही यात साधू नाही. मध्य आशियातून हिवाळ्यात भारतात येणारा स्टेप गरूड आज जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्या जातींत आहे. बिकानेरजवळ मेलेली जनावरं टाकतात त्या जागी सापडलेल्या मृत स्टेप गरुडांत डायक्लोफिनॅकचे अंश निघाले, तेही जनावरांसाठी ते औषध 2006 साली बंद केल्यानंतर. एका मनगटावरच्या पट्ट्यांवर हळहळणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

हातावर पक्षी बाळगणाऱ्यांनी पक्षी वाचवल्याचंही उदाहरण आहे. डीडीटीमुळे अमेरिकेत बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचं पातळ झाली आणि पूर्वेकडून तो जवळपास नाहीसा झाला. तेव्हा टॉम केड या प्राध्यापकाने, जो स्वतः ससाणे बाळगणारा होता, 1970 साली संस्था काढून बंदिस्त जागेत ससाण्यांची वीण करवली, पिल्लं रानात सोडली. पक्षी कसा खातो, कसा रुसतो, केव्हा उडायला तयार होतो हे त्या मंडळींना ठाऊक होतं. 1999 साली अमेरिकेने बहिरी ससाण्याला धोक्यातल्या यादीतून काढलं. म्हणून ही विद्या मरू द्यावी असं मला वाटत नाही. तिच्यात असलेलं ज्ञान पुस्तकातून परत मिळणारं नाही.

पण विद्या आणि उत्सव यांत मी फरक करतो. उल्गीचा गरुडोत्सव 1999 साली सुरू झाला. म्हणजे आमच्या गल्लीतल्या काही गणेश मंडळांपेक्षाही तो तरुण आहे. राजधानी उलानबातरपासून सुमारे 1,600 किलोमीटर दूर, कमाईची साधनं थोडी, हिवाळा कधीकधी अर्धा कळप गिळणारा. अशा ठिकाणी पाहुण्यांचे डॉलर आले तर कुणी नको म्हणावं? या पैशामुळे तरुण पोरं गावात राहिली, ही विद्या शिकली, हेही खरं. मात्र उत्सव ऑक्टोबरच्या सुरुवातीला असतो, पाहुण्यांना सोसेल अशा थंडीत. शिकारीचा मोसम त्यानंतरचा. स्पर्धेत गरुडीण कड्यावरून सुटते आणि मालकाच्या हातावर येऊन बसते, किंवा घोड्यामागे ओढलेल्या कोल्ह्याच्या कातड्यावर झडप घालते. शिर्गा म्हणतात त्या कातड्याला. शिकवण्याच्या काळातलं ते साधन आहे. म्हणजे शाळेतली उजळणीच इथे परीक्षा होऊन बसली. वेळ मोजतात, गुण देतात, टाळ्या पडतात. जी गरुडीण कधी जिवंत कोल्ह्यामागे गेली नाही तीही ही स्पर्धा जिंकू शकते.

आणि स्पर्धा जिंकणारी गरुडीण कोण सोडेल? जुन्या हिशेबात वय वाढलेला पक्षी ओझं होता. वर्षभर मांस खाणार, शिकार थोडे महिने. सोडण्यात मायाही होती आणि व्यवहारही. नव्या हिशेबात माणसाळलेली, कॅमेऱ्याला न बुजणारी जुनी मादी हीच सर्वांत किमती, आणि ती बारा महिने कमावते. त्या साखळीचं शेवटचं टोक उलानबातरजवळच्या पर्यटनस्थळी दिसतं. रस्त्याच्या कडेला खुंट्याला बांधलेले गरूड आणि गिधाडं, थोडे पैसे दिले की हातावर घेऊन फोटो. तिथे ना शिकार, ना परत जाणं. ते माझ्या लेखी शिराळ्याचं मडकंच, फक्त उघड्यावरचं. ते बंद करायला मला कुठल्याही परंपरेची परवानगी लागत नाही.

पर्यटनाला कथा लागते आणि कथेसाठी परंपरा वाकवली जाते, याचा नमुनाही घडून गेला आहे. 2014 साली 13 वर्षांच्या आयशोलपान नुरगायिव हिने उल्गीची स्पर्धा जिंकली. मोठी कामगिरी, शंकाच नाही. पण तिच्यावरच्या माहितीपटाने आणि बातम्यांनी ती जणू पहिलीच मुलगी आणि सगळे वडीलधारे विरोधात, असं चित्र उभं केलं. कझाकस्तानात मकपाल अब्द्राझाकोवा तिच्या आधीपासून गरूड घेऊन स्पर्धांत उतरत होती, आणि भटक्या समाजांत बायकांनी शिकारी पक्षी बाळगल्याचे जुने दाखलेही अभ्यासकांनी पुढे आणले. हे कुणी फार ऐकलं नाही. साधी हुशार मुलगी कमी विकली जाते, बंडखोर मुलगी जास्त.

वारशाचा शिक्काही याच चुकीला हातभार लावतो. शिकारी पक्षी बाळगण्याच्या विद्येला युनेस्कोने 2010 साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, मंगोलिया तेव्हापासून त्यात आहे, कझाकस्तान 2016 साली आला. यादीतलं नाव आहे 'जिवंत मानवी वारसा'. मानवी हा शब्द बघा. पोशाख, गाणी, चामड्याचं काम, बापाकडून मुलाकडे जाणारं कसब, सगळं त्यात बसतं. परतीचं कलम मात्र मोजता येत नाही आणि दाखवता येत नाही, म्हणून ते सन्मानपत्राच्या वर्णनातलं एक सुंदर वाक्य होऊन राहतं. सगळा वारसा टिकला आणि एवढंच गळालं, तर जे उरेल ते आपल्या चित्त्याच्या शिकारीचंच भावंड असेल.

मग करायचं काय? बंदी सोपी, आणि दूरच्या डोंगरात निरुपयोगी. घरट्यांची चोरी तेवढी वाढेल. बंदिस्त जागेत वीण करून पक्षी पुरवणं हा दुसरा मार्ग युरोपात रुळला आहे. रानावरचा भार त्याने नक्की हलका होतो. तरी मला तो इथे दुय्यम वाटतो, कारण पिंजऱ्यात जन्मलेली गरुडीण मालमत्ता असते. तिला कुठे परत करायचं हा प्रश्नच उरत नाही, आणि तो प्रश्न उरला नाही की या विद्येतली एकमेव अदब गेली. माझा कल मोजून घेण्याकडे आहे. अमेरिकेत परवानाधारक शिकाऱ्यांना रानातले सुवर्ण गरूड घेता येतात, पण देशभरात मिळून वर्षाला जास्तीत जास्त 6, आणि तेही जिथे मेंढपाळांचं नुकसान होतं अशा भागांतून. इतकं कडक बायान-उल्गीत नको. पण प्रत्येक पक्ष्याच्या पायात क्रमांकाची कडी, घेतल्याचं वर्ष, घरट्यातून की जाळ्यातून, आणि सोडल्याचं वर्ष, एवढी वही ठेवायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. दोनचार मेंढ्यांच्या कानांतही आता बिल्ले असतात. एकाच पिल्लाच्या घरट्याला हात लावायचा नाही आणि मादी पाचसहा वर्षांची झाली की तिला सोडायचं, हे दोन नियम शिकाऱ्यांनीच आपल्या संघटनेत ठरवले तर सरकारी माणूस डोंगरात फिरण्याची गरजही कमी पडेल.

आणि उत्सवात एक फेरी वाढवावी. गेल्या वसंतात ज्यांनी आपली गरुडीण सोडली त्या बुर्कितशींनी हातमोजा आणि बालदाक घेऊन, मनगट रिकामं ठेवून मैदानात यावं. पंचाने वहीतून कडीचा क्रमांक, घेतल्याचं वर्ष आणि सोडल्याचं वर्ष वाचावं, आणि कड्यावरून सुटून येण्याच्या स्पर्धेइतकेच गुण द्यावेत. त्या फेरीला गर्दी होणार नाही. फोटो काढण्यासारखंही त्यात काही नसेल, माझ्या मित्राने तर त्या वेळी चहाला जागा शोधली असती.